पाठीला चेन लावलेला डावा बूट

दचकू नका, बोलतोय तो मीच. जरा खाली बघा. मी डाव्या पायाचा बूट. घोट्याच्या वर चढणारा, जाड काळ्या कापडाचा. पुढे पांढरी रबरी टोपी, मधे लेस ओवायची भोकं, आणि खाली फळीसारखा सपाट तळ. माझ्यासारखे तुम्ही रस्त्यावर खूप पाहिले असतील. पण मागून पाहिलंत तर थबकाल, कारण माझ्या पाठीला टाचेपासून वरच्या काठापर्यंत चेन आहे, दप्तराला असते तशी. जन्मलो तेव्हा ती नव्हती. ती कशी आली ते सांगायचं आहे, आणि सांगून झाल्यावर एक मागणंही मागायचं आहे.

आमचं घराणं जुनं. बाकीचे बूट दर हंगामाला नवा अवतार घेतात. कुणाच्या तळात हवा भरतात, कुणाच्या टाचेत दिवा लावतात. आमच्यात आजोबा जसे तसाच नातू. एका कापडाच्या ठाणातून मला आणि माझ्या जुळ्या भावाला, उजव्याला, कापलं. तळ चिकटवून भट्टीत भाजलं. पाठीवरची पट्टी शिवणारी बाई बोटांना चिकटपट्टी गुंडाळून बसायची. तिथं सुई दुहेरी फिरते, कारण पाय आत शिरताना सगळा ताण पाठीवर येतो. ती शेजारणीला म्हणायची, ‘बाकी काही फाटू दे, पाठ उसवली की बूट संपला.’ हे वाक्य मी कानात घेऊनच कारखान्याबाहेर पडलो.

दुकानात मला फळीवर मांडलं. जोडीतला एकच मांडायचा आणि दुसरा खोक्यात ठेवायचा, अशी तिथली रीत. कोणी उचलून पळालाच तर एका बुटाचं करणार काय? उजवा पातळ कागदात गुंडाळून कुंभकर्णासारखा झोपला आणि मी उजेडात आलो. वाटलं, आपलं नशीब फळफळलं. कसलं काय! आला-गेला मला उचलायचा, अंगठ्यानं टाच दाबायचा, तळ दुमडायचा, आणि माफ करा, पण माणसं हे करतात, नाकाला लावून हुंगायचा. प्रत्यक्ष घालून बघायची वेळ आली की आतून त्याच्या नंबराची दुसरी जोडी यायची. मला हात भरपूर लागले, पाय एकही नाही.

बूट घेताना माणसं बघण्यासारखी असतात. घरदार पाच मिनिटांत पसंत करतील, पण बुटासाठी दुकानाला तीन चकरा. ‘घेण्यासारखे आहेत का हो?’ असं दुकानदारालाच विचारतात. तो कधी ‘नका घेऊ’ म्हणेल का? मग फोन काढून अनोळखी लोकांची मतं वाचतात. एक म्हणतो, कशावरही शोभतो. दुसरा म्हणतो, तळात गादी नाही, दिवसभर घाला म्हणजे कळेल. आणि आया पोरांना हमखास सांगतात, ‘हाच घे, घोट्याला आधार आहे.’

हे ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अहो, कसला आधार? मी कापड आहे. उंच दिसतो, एवढंच. पाय मुरगळायचाच झाला तर मीही त्याच्याबरोबर मुरगळेन. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे खरं. पण फसलेलं माणूस शेवटी बुटालाच शिव्या देणार, ही धाकधूक मला फळीवर असल्यापासून होती.

एका दुपारी दोघीजणी आल्या. एक तिशीची, अंगानं काटक, केस अगदी नीटस कापलेले. दुसरी तिची मावशी, खांद्याला मोठी पिशवी आणि तोंडाला विश्रांती नाही.

‘हे बघ चिमे, आधीच सांगते,’ मावशी दारातूनच म्हणाली, ‘आपण बघायला आलोय. घ्यायलाच पाहिजेत असं काही नाही.’

‘बघते तर आधी.’ तिशीच्या भाचीला मावशी अजून चिमी म्हणते, म्हणून मीही चिमीच म्हणतो. चिमी सरळ माझ्याकडे आली. तिनं मला दाबलं नाही, दुमडलं नाही. नुसतं दोन्ही हातांत धरलं. ‘याची जोडी द्या. सात नंबर आहे ना?’

सात नंबराची शेवटची जोडी आमचीच होती. दुकानदारानं उजव्याला झोपेतून उठवून आणलं. चिमी स्टुलावर बसली, उजव्या पायात उजवा घातला. मग तिनं डाव्या पायाची विजार वर केली. गुडघ्याखाली वीतभर तिचा स्वतःचा पाय होता. तो एका वाटीसारख्या खोळीत बसवलेला, खोळीखाली एक नळी, आणि नळीला रबरी पाऊल. पावलावर बोटं कोरलेली होती, बोटांना नखंसुद्धा. त्या पावलात काळा, ढब्बू, रुंद पट्ट्यांचा बूट होता.

दुकानदाराचा आवाज लगेच बदलला. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसा. ‘ताई, तुम्हाला काहीतरी सोपं दाखवू का? पट्ट्यांचं?’

‘पट्ट्यांचे पायात आहेत की. तेच बदलायला आले.’

आता जरा आठवून बघा. उंच बूट घालताना तुम्ही काय करता? बोटं खाली वळवून पाऊल आत घालता, मग टाच खाली ढकलता. घोटा वळतो म्हणून हे जमतं. चिमीचा घोटा वळतच नव्हता. दुकानदारानं माझी लेस पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केली, जीभ ओढून बाहेर काढली, टाचेला पत्र्याची पट्टी लावली. पाऊल अर्ध्यात अडकलं. तो मला खालून ढकलतोय, मावशी मागून स्टूल धरून उभी, आणि चिमी दात-ओठ खातेय.

‘एक प्लास्टिकची पिशवी द्या,’ ती म्हणाली. ‘गुळगुळीत बघून.’

पिशवी पावलावर चढवली आणि पाऊल सुर्रकन आत सरकलं. मागाहून पिशवी ओढून काढली. अखेर माझ्यात पाय आला होता! मी श्वास रोखून थांबलो. कारखान्यात, गोदामात, दुकानात सगळे बूट एकच गोष्ट बोलतात: पाय आत आला की ऊब येते. मी वाट पाहिली. वाटलं, येईल थोड्या वेळानं. ती काही आली नाही.

चिमी उभी राहिली आणि मागे झुकली. कोणी छातीवर हात ठेवून ढकलावं तशी. मावशीनं तिला धरलं.

‘बघितलंस? धडधाकट माणसं पडतील यात.’

‘पडले कुठे? वाकले.’

‘वाकल्यावरच पडतात, चिमे.’

दुकानदार चांगला माणूस होता, पण त्याला राहवलं नाही. ‘ताई, एवढी धडपड याच बुटांसाठी का?’

चिमी पुन्हा बसली. ‘मी केस कापते,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे आरसे जमिनीपर्यंत आहेत. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक सगळं आरशात बघतं. हे काळे बूट दिसले की विचारतं, काय झालं? मग मी ट्रकची सगळी कहाणी सांगायची, मग त्यांनी अरेरे म्हणायचं. जाताना म्हणतात, तुमच्या हिमतीचं कौतुक वाटतं. केस कसे झाले ते कोणी सांगतच नाही. शेवटी मॅडमनी मला काउंटरवर बसवलं. बिलं करते.’

‘उभं राहायला त्रास होतो म्हणून?’

‘उभं राहायला मला जमतं हो. लोकांना बघायला जमत नाही.’

‘आणि आता तिच्या खुर्चीवर नवीन मुलगी घेणार आहेत,’ मावशीनं पिशवीचा बंद घट्ट केला. ‘सोमवारी सांगते म्हणाल्यात मॅडम. तेव्हापासून हिनं हा बुटांचा ध्यास घेतलाय.’

तर हे असं होतं. सोमवारी तिला त्या खुर्चीमागे उभं राहायचं होतं, नाहीतर कायमचं बिलांमागे बसायचं होतं. आणि एवढं मोठं ओझं कोणावर टाकलं? माझ्यासारख्या कापडावर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर मोत्यालाच नाक पेलायचं होतं. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो, बाई, नको.

‘घेऊन जा,’ दुकानदार म्हणाला. ‘घरी बघा. तळ मळला नसेल तर आठवड्यात परत घेतो. पण काही कापलं-उसवलं, तर मात्र नाही.’

मावशीचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि सगळीकडे कपडे. ती लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करते. कंबर कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन लावणं. ट्रकनं पाय नेल्यावर चिमी हॉस्पिटलातून तिच्याकडेच आली ती राहिली. त्या खोलीत जुनी चादर अंथरून चिमीनं आम्हाला घातलं आणि तळ मळू न देता ती भिंतीला हात धरून इकडून तिकडे चालायला लागली. मावशी मशीनवर बसून टीप मारत होती. मान खाली, पण चादरीची चुणी हलली की मशीन थांबायचं.

चिमी प्रत्येक पावलाला मागे झुकत होती. गुडघा उलटा दाबला जात होता. मला वाटलं, हा माझाच दोष. तिला वाटत होतं, तिचाच दोष. मावशीला काय वाटत होतं ते ती बोलून दाखवतच होती.

‘त्या काळ्या बुटांत काय वाईट आहे? पाय झाकतात, पडू देत नाहीत.’

‘ते बूट माझ्याआधी खोलीत शिरतात, मावशी.’

‘शिरू देत. तू मागून धड तरी येतेस ना?’

दुसऱ्या दिवशी दोघी आम्हाला पिशवीत घालून पायवाल्याकडे गेल्या. ज्यानं चिमीचा हा पाय बनवला, त्याला मावशी पायवाला म्हणते. तोंडावर मात्र दादा. त्याच्या कारखान्यात भिंतीला पाय टांगलेले होते, छोटे, मोठे, एकेकटे. सगळे अनवाणी. मला तिथं फार विचित्र वाटलं.

त्यानं चिमीला आमच्यासकट चालायला लावलं, खाली बसून बाजूनं पाहिलं आणि हसला. ‘चूक तुमची नाही, बुटाचीही नाही. हा पाय मी त्या काळ्या बुटाच्या टाचेवर बसवलाय. त्याची टाच बोटभर उंच आहे, याचा तळ सपाट. टाच खाली गेली की नळी मागे कलते, आणि तुम्हाला वाटतं कोणी ढकलतंय.’ त्यानं जाड रबराचे दोन तुकडे पाचरीसारखे तासले आणि एकेक आमच्या टाचेत सरकवला. उजव्यातही घातला, नाहीतर एक बाजू उंच झाली असती.

चिमी उभी राहिली. सरळ. ती जागच्या जागी दोनदा वळली. माझ्या जिवात जीव आला.

‘पण रोज हा पायात चढवायचा कसा?’ मावशीनं विचारलं. ‘पिशवी घालून कुस्ती खेळायची का सकाळ-संध्याकाळ?’

‘चढवला की काढूच नका, असंही करतात काहीजण.’

‘म्हणजे? बाहेरचा बूट घालून स्वयंपाकघरात फिरायचं?’

‘मग पाठ उसवून चेन लावा,’ पायवाला म्हणाला. ‘मागून उघडायचा, पाऊल सरळ आत. पण एकदा उसवला की दुकानदार परत घ्यायचा नाही, तेव्हा विचार करा. आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. उंच आहे म्हणून आधार देईल, या भ्रमात राहू नका. आणि तळ पातळ आहे. या पायाला काही कळणार नाही, पण तुमच्या खऱ्या पायाला दिवसभरात कळेल.’

अखेर माझ्याबद्दल कोणीतरी खरं बोललं. मला हलकं वाटलं, आणि वाईटही वाटलं. मावशीला मात्र एवढंच हवं होतं, पडत्या फळाची आज्ञा. ‘ऐकलंस ना? चल, जाता जाता परत देऊन टाकू.’

परत दिलं नाही, कारण चिमी दुकानावरून सरळ पुढे निघून गेली आणि मावशीला एकटीनं दुकानात शिरवेना.

संध्याकाळी त्यांचं वाजलं. रविवार होता. मी चिमीच्या मांडीवर होतो.

‘काउंटरवर बसून काम करण्यात काय कमीपणा आहे?’ मावशी म्हणाली. ‘सावली आहे, खुर्ची आहे. मी नाही का जन्मभर बसून काम केलं?’

‘तुला बसायला आवडतं. मला कोणी विचारलं?’

‘विचारायचं काय त्यात? पुन्हा पडलीस तर? माझ्यात बळ नाही गं आता पुन्हा त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसायचं.’

‘म्हणजे तूही मॅडमसारखीच.’

असं म्हणून चिमी उठली. कपाटाच्या तळातून तिनं एक चामड्याची घडी काढली आणि उलगडली. आत तिची केस कापायची कात्री होती. लांब, निमुळती, आरशासारखी. काउंटरवर बसवल्यापासून ती बाहेर आलीच नव्हती. चिमीनं मला काठाला धरलं, उलटं केलं आणि कात्रीची पाती उघडून माझ्या पाठीवर टेकवली. पाती थंडगार होती. मला कारखान्यातली बाई आठवली. पाठ उसवली की बूट संपला.

‘चिमे!’ मावशी खुर्ची पाडून धावली. ‘केसांची कात्री ती! कापडाला लावतात का कधी? धार जाईल तिची!’

‘जाऊ दे. कोणाचे केस कापायचेत मला आता?’

मावशी जागीच उभी राहिली. तिनं हळूच ती कात्री भाचीच्या बोटांतून सोडवली, पदरानं पुसली, घडीत ठेवली आणि घडीची दोरी बांधली.

‘आण इकडे तो बूट.’

‘उसवला की परत नाही देता येणार, मावशी.’

‘ते मला कळतं. शिवणकाम माझं आहे की तुझं? दिवा पुढे घे.’ तिनं चष्मा लावला, टाके उसवायची बारीक पाती घेतली. ‘आणि पडलीस तर मला सांगायचं. लपवायचं नाही.’

‘सांगेन.’

‘दुखलं तरी सांगायचं.’

चिमीनं नुसताच दिवा पुढे सरकवला.

मावशीनं माझा एकेक टाका सोडला. दुखलं का, विचाराल. दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. त्या दुहेरी शिवणीवरच तर मी उभा होतो! वरपासून खालपर्यंत पाठ उघडली आणि मी एखाद्या फाटक्या पिशवीसारखा पसरलो. माझी शंभर टक्के खात्री झाली की आपलं आयुष्य एकही रस्ता न बघता आटोपलं. मग मावशीनं जुन्या जाकिटाची पितळी चेन काढून माझ्या दोन्ही कडांना लावली. मशीनची सुई जाड कापडात जाईना, म्हणून हातानं, बोटाला टोपण घालून. जोर लावताना ती पुटपुटत होती. देवाचं नाव घेत होती की ट्रकवाल्याचा उद्धार करत होती, ते कळलं नाही.

सोमवारी सकाळी चेन उघडून चिमीनं पाऊल सरळ आत ठेवलं, चेन वर ओढली आणि आम्ही निघालो.

सलूनमध्ये सगळीकडे आरसे. मी स्वतःला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. समोरून चेन दिसत नव्हती. मी आणि उजवा, दोन सारखे बूट. चिमी काउंटरपाशी गेली नाही, सरळ आपल्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि चामड्याची घडी उलगडली.

‘अगं, अगं,’ मॅडम लगबगीनं आल्या, ‘तू बसून घे. नवीन मुलगी येईलच इतक्यात.’

‘आजचा दिवस मी उभी राहते, मॅडम. संध्याकाळी काय ते सांगा.’

पहिलं गिऱ्हाईक एक बाई होती, लांब केसांची, घाईतली. चिमीनं कापायला सुरुवात केली. थोड्या वेळानं बाईची नजर आरशात खाली घसरली आणि आमच्यावर येऊन थांबली. चिमीचे हात हळू झाले. मी मनात म्हटलं, झालं, आता विचारणार, काय झालं म्हणून.

‘हे बूट छान आहेत हो,’ बाई म्हणाली. ‘मी कधीची घेईन घेईन म्हणतेय. घेण्यासारखे आहेत का?’

चिमीची कात्री थांबली.

‘दिसायला छान आहेत,’ ती म्हणाली. ‘पण तळ सपाट आहे. दिवसभर उभं राहिलं तर टाच दुखेल. घोट्याला आधारबिधार काही नाही. आणि घालायला वेळ लागतो.’

‘मग तुम्ही का घेतले?’

‘तुम्ही हेच विचारावं म्हणून.’

बाईला काही कळलं नाही. ती म्हणाली, ‘मागून अजून थोडे कमी करा.’ चिमीनं मागून अजून थोडे कमी केले. संध्याकाळी मॅडमनी काही सांगितलं नाही. नवीन मुलीला दुसरी खुर्ची दिली.

इथं गोष्ट संपली असती तर मीही खूश असतो. पण बुटाची गोष्ट रोज सकाळी पुन्हा सुरू होते. चिमीचा सगळा भार उजव्या पायावर. माझा पातळ तळ त्या रबरी पावलाला काही करू शकत नव्हता; उजव्याचा पातळ तळ मात्र तिच्या खऱ्या टाचेला रोज थोडा थोडा खात होता. ती दाराबाहेर थांबून टाच दाबायची आणि मग हसऱ्या तोंडानं आत शिरायची. मावशीला सांगायची नाही. मावशीला कळत नव्हतं असं नाही. ती रोज गरम पाण्याची बादली खुर्चीपाशी ठेवायची आणि कोणासाठी ते बोलायची नाही.

आणि मी? खरं सांगतो, मी उजव्यावर जळत होतो. दारामागे शेजारी शेजारी पडलो की तो वाफ सोडत असायचा. त्याच्या आत तिच्या पाचही बोटांचे ठसे उमटले होते. त्याला घामाचा वास यायचा. मला वासच नव्हता. एखाद्या बुटाला वास नाही म्हटलं तर तुम्ही कौतुक कराल. मला ते कौतुक नको होतं.

‘आज फार जड होतं,’ उजवा म्हणायचा.

‘गरम होतं का पण?’ मी विचारायचो.

‘तुला काय त्याचं पडलंय? माझा तळ फाटत आलाय.’

तो खरंच फाटला. अंगठ्याखाली आरपार. मी मात्र पाठीवरची चेन सोडली तर जवळजवळ कोरा. एका ठाणातून कापलेले आम्ही दोघे, आणि एक म्हातारा झाला, दुसरा तसाच राहिला.

‘परत तेच बूट?’ मावशी दुकानाच्या दारात म्हणाली. शेवटी तिनं तोंड उघडलंच. ‘टाच चोळत बसतेस, मला दिसत नाही होय? नाही घेण्यासारखे ते, सोड.’

‘दुखायला एकच उरलीय, मावशी. दुखू दे.’

मावशीनं तोंड फिरवलं आणि शोकेसमधल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बुटाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनंच विचारलं, ‘सात नंबर आहे का? आणि आत घालायला मऊ गादी असेल तर तीही द्या. फक्त उजव्याला.’

एक बूट कुठल्याच दुकानात मिळत नाही. जोडी घ्यावी लागते. नवा उजवा त्याच दिवशी पायात आला. माझ्यात चेन होती, पाचर होती, सगळं बसलेलं होतं, म्हणून मी राहिलो. माझ्या भावाची लेस मावशीनं काढून ठेवली आणि त्याला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. टाकताना तिनं त्याला एकदा हातानं झटकलं, लहान मुलाला शाळेत पाठवताना झटकतात तसं. मी दारामागून बघत होतो. निरोप घ्यायला बुटांकडे काही नसतं.

आता उरला नव्या जोडीतला डावा. मावशी म्हणाली, ‘यालाही चेन लावून ठेवते, पुढेमागे होईल.’ चिमी म्हणाली, ‘नको. त्याची पाठ राहू दे. कोणाच्या तरी पायाला येईल.’ तिनं पायवाल्याला सांगून ठेवलंय. त्यानं उजवा पाय गेलेल्या चारचौघांना विचारलं. एकाचा नंबर नऊ. एक बाई म्हणाली, आता असले बूट घालून जायचंय कुठे? एकानं तर निरोपाला उत्तरच दिलं नाही. डावा खोक्यात पडून आहे, कोरा करकरीत.

माझं मागणं एवढंच. तुमच्या ओळखीत कोणी असेल, बाई असो, पुरुष असो, ज्याचा उजवा पाय गेलाय आणि डावा आहे, नंबर सात, तर त्याला चिमीकडे पाठवा. एक जोडी दोघांना पुरेल. फसवून काही देणार नाही. आधीच सांगतो, तळ सपाट आहे, टाच दुखेल, घोट्याला आधार नाही. तरीही घेण्यासारखा आहे का, ते त्यानं ठरवावं. पण लवकर ठरवावं.

कारण खोकं माझ्या शेजारीच ठेवलंय. चिमी झोपली, मावशीचं मशीन थांबलं, की आतून तो मला हाक मारतो. त्याला वाटतं मी थोरला, मला सगळं ठाऊक असणार. ‘दादा,’ तो विचारतो, ‘पाय आत आला की कसं वाटतं रे?’

मी म्हणतो, ‘उजव्याला विचार.’